बदामी होया वर्षानुवर्षं वाढत नाही? खत घालण्याआधी डोळा शोधा

दरवर्षी उन्हाळा लागला की ओळखीपाळखीतून मला तोच फोटो येतो. चहाच्या कपाएवढी कुंडी आणि तिच्यात पत्त्यातल्या बदामासारखं एकच जाडजूड हिरवं पान. १४ फेब्रुवारीला कुणीतरी कुणाला तरी दिलेलं. एक वर्ष जातं, दोन जातात. पान वाळत नाही, गळत नाही, पण दुसरं पानही येत नाही. माझ्या नांदेडच्या भाचीनं तर थेट विचारलं होतं, "मावशी, पान जगायलंय, पण वाढंना गेलंय बघ. काय घालू?"

काहीच घालू नका. आधी त्या पानाला डोळा आहे का ते बघा.

आपल्याकडे ज्यांच्या शेतात ऊस आहे त्यांना हे लगेच कळेल. बेण्याच्या टिपरीला डोळा नसेल तर ती सरीत दाबून कितीही पाणी दिलं, कितीही युरिया टाकला तरी कोंब निघत नाही. होयाचंही तसंच आहे. नवा कोंब निघतो तो खोडाच्या पेरावर, पान जिथं खोडाला चिकटतं त्या बेचक्यातल्या डोळ्यातून. नुसतं पान देठापासून तोडून लावलं तर देठाला मुळ्या फुटतात, पण देठात डोळा नसतो. मग ते पान मुळ्यांच्या जोरावर पाणी पितं, स्वतःपुरतं अन्न बनवतं आणि वर्षानुवर्षं तसंच उभं राहतं. उसाची आंधळी कांडी कुजून जाते, हे पान जगतं, एवढाच फरक. आणि ते जगतं म्हणूनच माणूस आशेवर राहतो.

गोंधळ व्हायला पानफुटीही कारणीभूत आहे. तिचं पान मातीवर नुसतं टाकलं तरी कडेच्या खाचांतून रोपं निघतात, हे आपण लहानपणापासून बघतो. त्यामुळे जाड पान दिसलं की त्यातून झाड येणारच असं वाटतं. पण पानफुटीच्या पानाच्या कडेलाच रोपाचे अंकुर तयार होतात. होयाला ती सोय नाही.

भाची दिवाळीला परभणीत आली तेव्हा कुंडी सोबत घेऊन आली. अंगणात स्टीलची परात घेतली, कुंडी उलटी करून हळूच थोपटली आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाण्यात धुऊन काढलं. मुळ्या सुरेख होत्या, शेवयांसारख्या पांढऱ्या, चांगल्या वीतभर. देठ बोटांत धरून खालपर्यंत बघितला. टोकाला कापल्याची सपाट खूण, तिथं थोडी गाठ आलेली आणि त्या गाठीतून सगळ्या मुळ्या निघालेल्या. खोडाचा काडीएवढासुद्धा तुकडा नव्हता. तिनं विचारलं, "म्हणजे हे कधीच वाढणार नाही?" मी म्हटलं, नाही वाढणार. दोन वर्षं ती स्वतःच्या हाताला दोष देत होती. खत बदललं, जागा बदलली, कुंडी बदलली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. हे सगळं लिहायला बसले ते त्या दिवसाच्या तिच्या चेहऱ्यामुळे.

झाड न उपटताही तपासता येतं. काडेपेटीतल्या काडीनं देठाच्या बुडाशी दोन-तीन सेंटीमीटर माती बाजूला करा. देठ सरळ खाली मुळ्यांत उतरत असेल तर पान आंधळं आहे. देठ एखाद्या आडव्या किंवा उभ्या, पेन्सिलीहून बारीक, किंचित लाकडासारख्या तुकड्याला जोडलेला असेल आणि जोडाशी बारीक फुगवटा दिसत असेल, तर डोळा आहे. मग वाट बघा, आणि ही वाट महिन्यांत मोजा. डोळा असलेलं एकटं पानसुद्धा वर्ष-दीड वर्ष गप्प बसू शकतं.

आंधळं पान फेकू नका. भेट आहे, दिसतं छान, टेबलावर राहू द्या. पाणी पंधरा-वीस दिवसांनी, खत अजिबात नाही. वेल हवी असेल तर वेगळी आणायची, आणि आणताना खोड बघून आणायची. कमीत कमी दोन पेरं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या दोन जोड्या असलेलं रोप घ्या. मलाही एका नर्सरीत "सहा महिन्यांत वेल होईल" असं सांगून एकटं पान दिलं होतं. विकणाऱ्यालाही बहुधा माहीत नसावं, कारण ही पानं बाहेरून तयारच येतात. पण आता मी विकत घेण्याआधी सरळ बोटानं माती उकरून बघते, आणि तुम्हीही संकोच करू नका.

आता ज्यांच्याकडे खरीखुरी वेल आहे आणि तरी ती अडून बसली आहे, त्यांच्यासाठी.

ही वनस्पती मुळात कुठली आहे ते समजलं की बरीच कोडी सुटतात. होया केरी हे तिचं शास्त्रीय नाव. उत्तर थायलंडमधल्या चियांग माईजवळच्या डोइ सुथेप डोंगरावर आर्थर केर या आयरिश डॉक्टर-वनस्पतीशास्त्रज्ञाला ती सापडली आणि १९११ साली वनस्पतीशास्त्रज्ञ क्रेब यांनी तिचं वर्णन केलं, म्हणून केरी. होया हे नाव त्याच्याही आधीचं, १८१० मधलं. ते वनस्पतीशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी थॉमस हॉय या इंग्लंडमधल्या माळ्यावरून ठेवलं. एका माळ्याच्या नावानं अख्खी प्रजाती ओळखली जाते हे मला फार आवडतं. घराणं मात्र आपल्या ओळखीचं आहे. रुई, कण्हेर, चाफा ज्या कुळातले, त्याच कुळातली ही वेल, म्हणून पान तोडलं की रुईसारखाच पांढरा चीक येतो. हात लगेच धुवा, काहींच्या कातडीला तो झोंबतो.

जंगलात ही वेल दुसऱ्या झाडांच्या अंगाखांद्यावर वाढते. मुळ्या सालीच्या भेगांत, पाचोळ्यात, हवा खेळत्या जागी असतात. पाऊस आला की भिजतात आणि काही तासांत वाळतात. ही एक गोष्ट. दुसरी अशी की कोरफड, घायपात, निवडुंगाप्रमाणे ही दिवसा पानांची छिद्रं मिटून घेते आणि रात्री उघडून हवेतला कर्बवायू आत घेते. त्यामुळे पाणी वाचतं, पण वाढ हळू होते. म्हणजे हळू वाढणं हा तिचा रोग नाही. मनी प्लांटशी तिची तुलना करू नका.

मराठवाड्यात तिला मारणारी पहिली गोष्ट म्हणजे आपली काळी माती. शेतात तिच्यासारखं सोनं नाही. पण चार इंची कुंडीत ती पाणी पिऊन फुगते, मुळ्यांची हवा कोंडते, आणि वाळली की भेगाळून त्याच मुळ्या तोडते. शेणखत मिसळून ती हलकी होईल असं वाटतं, होत नाही. मी वापरते ते मिश्रण असं: निम्मे नारळाच्या सालीचे तुकडे, जे कोको चिप्स म्हणून मिळतात, पाव भाग विटांचे हरभऱ्याएवढे खडे आणि लाकडी कोळसा, उरलेल्या पाव भागात गांडूळखत आणि थोडं परलाइट, म्हणजे नर्सरीत मिळणारे पांढरे हलके खडे. परलाइट मिळालं नाही तर चाळलेला मुरूम चालतो, फक्त त्यातली धूळ धुऊन टाका. पाणी ओतल्यावर दहा सेकंदांत खालून बाहेर पडलं पाहिजे. नाही पडलं तर खडे वाढवा.

कुंडी लहानच ठेवा. "मोठी कुंडी दिली की मोठं झाड" हा हिशोब इथं उलटा पडतो. मुळ्या जिथवर पोचत नाहीत तिथली ओल तशीच राहते आणि कूज तिथूनच सुरू होते. मुळ्यांनी कुंडी गच्च भरली तरच एक आकडा मोठी घ्या. मी मातीची कुंडी वापरते, कारण माझी बहुतेक झाडं गेली ती पावसाळ्यात. उन्हाळ्यात फक्त एकच गेलं. ज्यांना रोज बघायला वेळ नसतो त्यांना प्लॅस्टिकची बरी पडेल, पण तिला खाली भोकं जास्त हवीत.

पान मऊ पडलं, सुरकुतलं

सगळ्यात जास्त झाडं इथं मरतात, म्हणून हे नीट वाचा. पान मऊ पडण्याची दोन कारणं असतात आणि ती एकमेकांच्या नेमकी उलट आहेत: तहान आणि कूज. दोन्हींत पान सारखंच दिसतं, कारण दोन्हींत पानापर्यंत पाणी पोचत नाही. एकात कुंडीत पाणी नसतं, दुसऱ्यात पाणी असतं पण ते ओढायला मुळ्या उरलेल्या नसतात. माणूस सुरकुतलेलं पान बघतो, कळवळतो आणि आणखी पाणी घालतो. कूज असेल तर तिथंच खेळ संपतो.

म्हणून पानाकडे बघून पाणी देऊ नका, कुंडीत काडी घालून बघा. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. कोरडी निघाली आणि पान मऊ आहे, तर तहान. ओली निघाली, तिला काळपट भुसा चिकटला, कुबट वास आला आणि पान मऊ आहे, तर कूज.

तहानेवर उपाय सोपा आहे. पूर्ण वाळलेलं कोकोपीट वरून ओतलेलं पाणी धरतच नाही, ते कडेनं निसटून जातं. कुंडी बादलीत कडेच्या खाली पाणी राहील अशी वीस मिनिटं ठेवा, मग पूर्ण निथळू द्या. तीन-चार दिवसांत पान पुन्हा ताठ होतं. फार जुनी सुरकुती राहून जाते, तिची चिंता नको.

कूज असेल तर त्याच दिवशी झाड बाहेर काढा. स्पिरिटनं पुसलेल्या ब्लेडनं तपकिरी, बोटांत धरताच साल सुटून येणाऱ्या मुळ्या कापून टाका. पांढऱ्या किंवा फिकट टणक मुळ्या राहू द्या. एक दिवस सावलीत उघडं वाळू द्या, मग नव्या मिश्रणात लावा आणि चार-पाच दिवस पाणी देऊ नका. खोडच बुडाशी काळं पडलं असेल तर खालचा भाग सोडून द्या आणि वरचा निरोगी तुकडा डोळ्यासकट छाटून नवा लावा. वेळेत केलं तर वाचतं.

जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की कुंडी पावसात ठेवू नका. एखादी सर चालते, उलट पावसाचं पाणी तिला मानवतं. पण चार दिवस सलग भिजली तर मिश्रण कितीही चांगलं असलं तरी जोखीम आहे.

आपलं पाणी

ही अडचण आपल्याकडची खास आहे. बोअरचं पाणी जड. कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर दिसतो, नव्या पानांच्या कडा करपतात आणि टोक थबकून बसतं. त्यात उन्हाळ्यात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावांत कुणीही थेंब वाया घालवत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण दोन पाणी या झाडाला देऊ नका. एक, कूलरच्या टाकीत उरलेलं. कूलर चालतो तसं पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात, त्यामुळे ते पाणी बोअरपेक्षाही जड झालेलं असतं. दुसरं, आरओ मशीनमधून बाहेर पडणारं वाया पाणी. त्यातही क्षार एकवटलेले असतात. फरशी पुसायला ते वापरा, होयाला नको.

तिच्यासाठी चांगलं पाणी म्हणजे पावसाचं, किंवा एसीच्या नळीतून ठिबकणारं. एसीचं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं. एका कुंडीला दहा-पंधरा दिवसांनी पेलाभर लागतं, तेवढं कुणाच्याही घरी जमतं. मी पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी पहिली सर सोडून दोन कॅनमध्ये भरून, झाकून ठेवते. ते होळीपर्यंत पुरतं. पांढरा थर आधीच धरला असेल तर वरचं बोटभर मिश्रण काढून नवं घाला आणि पावसाळ्यात एकदा पावसाच्याच पाण्यानं कुंडी भरपूर धुऊन काढा.

ऊन आणि थंडी

हिला उजेड हवा, आपल्या एप्रिल-मेचं दुपारचं ऊन नको. पूर्वेच्या गॅलरीत नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन उत्तम. पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेली कुंडी मी एकदा गमावून बसले. भिंत रात्री दहालाही हाताला चटका देत होती आणि मुळ्या अक्षरशः शिजल्या होत्या. ऊन लागलेल्या पानावर आधी फिकट, मग तपकिरी खरखरीत डाग पडतो. तो भरून येत नाही, पण पान तोडू नका, उरलेला हिरवा भाग काम करत राहतो. गच्चीवर ठेवायचीच असेल तर ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा आणि कुंडी पत्र्यापासून, भिंतीपासून लांब टांगा. कूलरच्या खोलीच्या खिडकीत तिला दमट हवा मिळते, ती तिला आवडते. फक्त झोत थेट पानांवर नको.

उलट बाजूही आहे. अगदी अंधाऱ्या हॉलमध्ये ठेवलेली वेल मरत नाही, पण वाढतही नाही. तिच्या जागी दिवसा दिवा न लावता पेपर वाचता येत असेल तर उजेड पुरेसा समजा.

डिसेंबर-जानेवारीत परभणीत काही पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो. त्या दिवसांत रात्री कुंडी घरात घ्या, पाणी वीस दिवसांवर न्या, खत आणि कुंडी बदलणं बंद. या काळात वाढ थांबते. तसंच ४० च्या वरच्या उन्हाळ्यातही थांबते. माझ्याकडे खरी वाढ होते ती पाऊस स्थिरावल्यापासून दसरा-दिवाळीपर्यंत, आणि थोडी फेब्रुवारी-मार्चमध्ये. खत द्यायचं ते फक्त या महिन्यांत. १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत, लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, आधी साध्या पाण्यानं ओल करून. ज्यांच्या घरी शेतीचं खत असतं ते चिमटीनं अंदाजे टाकतात, तसं करू नका, मोजा.

बिनपानांची लांब दोरी

वेल जेव्हा खरंच वाढायला लागते तेव्हा ती आधी एक लांब, पानं नसलेली बारीक दोरी सोडते, कधी कधी हातभर. पुष्कळ लोक "ही फुकट वाढतेय" म्हणून ती छाटतात. असं करू नका! ती आधार शोधत असते. आधार मिळाला, काही आठवडे गेले, की तिच्याच पेरांवर जोडीजोडीनं पानं उघडतात. नवं पान सुरुवातीला पातळ आणि नखाएवढं असतं, बदाम दिसायला वेळ लागतो. दोरी छाटली की झाडाची पाच-सहा महिन्यांची कमाई जाते.

फुलांच्या दांड्याचंही तसंच. मोठ्या झालेल्या वेलीला काही वर्षांनी छत्रीसारखा, मेणाच्या चांदण्यांचा घोस येतो. फुलं गळली की उरलेला आखूड दांडा कापू नका, पुढच्या वेळी त्याच दांड्यावर पुन्हा कळ्या येतात.

कीड म्हणाल तर पिठ्या ढेकूण. कपाशी लावणाऱ्याला त्याची नव्यानं ओळख करून द्यायला नको. इथं तो पानाच्या बेचक्यात कापसाच्या पुंजक्यासारखा दडतो आणि पुष्कळदा मुंग्या दिसल्यावरच कळतं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुंजका टिपून काढा. नंतर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण ढवळून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा. दुपारच्या उन्हात फवारलं तर पान भाजतं. वाढ थांबली आणि बाकी सगळं ठीक दिसतंय, तर एकदा मुळ्याही बघा, तो तिथंही बसतो.

डोळ्यासकट कटिंग

हे जुलै ते सप्टेंबरमध्ये करा. पिकलेल्या, टणक वेलीचा दोन पेरांचा तुकडा घ्या, अगदी कोवळं टोक नको. कापल्यावर चीक पाण्यानं धुवा आणि तुकडा एक दिवस सावलीत ठेवा. खालच्या पेराची पानं काढून ते पेर ओलसर कोकोपीटमध्ये किंवा मॉसमध्ये (नर्सरीत मिळणारं वाळलेलं शेवाळ) पुरा, वरचं पेर हवेत राहू द्या. चिंब ओलं नको, मुठीत दाबल्यावर थेंब पडता कामा नये. वरून पारदर्शक डबा पालथा घाला, दोन दिवसांआड थोडी हवा द्या. मुळ्या यायला महिना ते दोन महिने, आणि पहिला कोंब कधी येईल ते त्या डोळ्यावर. मधेमधे उपटून मुळ्या बघण्याचा मोह टाळा.

पिवळसर कडांची किंवा मधे पिवळा पट्टा असलेली जातही मिळते. तिच्यात हिरवा भाग कमी, म्हणून ती आणखी सावकाश. तिची एखादी फांदी पूर्ण पांढरट निघाली तर ती स्वतःचं पोट भरू शकत नाही, छाटून टाका. आणि कटिंग घेताना हिरवं-पिवळं दोन्ही असलेलं पेर निवडा.

भाचीला मी माझ्या वेलीचा असाच दोन पेरांचा तुकडा गेल्या श्रावणात दिला होता. आंधळं पान तिनं शेजारीच ठेवलंय, अजून तसंच हिरवंगार आहे. परवा तिचा फोन आला, "मावशी, त्यातून एक बारीक दोरा निघालाय, दोन बोटं लांब, पण त्याला एकही पान नाही. कापू का?" मी म्हटलं, हात लावू नकोस, खिडकीच्या गजाला सुतळी बांध आणि त्याचं टोक तिच्यावर नुसतं टेकवून ठेव.